‘स्टोअर बघतो’ म्हणजे नेमकं काय करता? : नोकरीच्या अर्जात आपलं कौशल्य ओळखून मांडण्याची पद्धत

‘काय काम करता?’

‘स्टोअर बघतो.’

‘म्हणजे काय काय करता?’

‘म्हणजे सगळंच बघतो. आलं-गेलं.’

हा संवाद माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. समोरचे दादा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं कामाला होते. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअरची जागा निघाली होती, म्हणून बायोडेटा दाखवायला आले होते. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असं लिहून सही. अकरा वर्षांच्या कामाला मात्र दीड ओळ : ‘स्टोअर असिस्टंट म्हणून काम केले. प्रामाणिक व मेहनती.’

मी सतरा वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात भरतीचं काम केलं आहे. आता रविवारी सकाळी ओळखीपाळखीतले लोक कागद घेऊन येतात, त्यांच्याबरोबर बसते. इतक्या वर्षांत कौशल्य नसलेला माणूस फार क्वचित भेटला. ‘बघतो’ या शब्दाच्या पलीकडे न गेलेली माणसं मात्र शेकड्यांनी भेटली. आपण दुकान बघतो, हिशोब बघतो, मुलांचा अभ्यास बघतो, सासूबाईंच्या दवाखान्याचं बघतो. या एका क्रियापदात दहा-दहा कामं दडलेली असतात. ऐकणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नाही, आणि भरती करणारा माणूस फक्त दिसेल त्यावरच निर्णय घेतो.

दुसरी अडचण आपल्या वळणाची आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काय सांगायचं, हा संकोच. मला तो समजतो, पण तो इथे चुकीच्या जागी येतो. ‘मी फार हुशार आहे’ ही स्तुती झाली. ‘रोज पंधरा-वीस गाड्यांचा माल मोजून घेतो’ ही माहिती झाली. अर्जात माहितीच द्यायची आहे, तेव्हा संकोचाचं कारणच उरत नाही.

पहिलं काम : बायोडेटा बाजूला, वही पुढे

बायोडेटा लिहायला बसलं की हात कुणाच्या तरी जुन्या फाइलकडे जातो. मित्राची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, प्रिंट काढायची. असं केलं की मित्राचं काम तुमच्या नावावर येतं आणि तुमचं काम कुठेच येत नाही. म्हणून आधी एक साधी वही घ्या आणि काल ड्यूटीवर गेल्यापासून सुटेपर्यंत काय काय केलं ते क्रमाने, मराठीत, बोलता तसं लिहा. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा : माझ्या हातात काय आलं, मी त्याचं काय केलं, आणि ते पुढे कुणाकडे गेलं?

दादांनी सुरुवात केली. ‘सातला स्टोअर उघडलं. रात्रपाळीच्या इश्यू स्लिपा (स्टोअरमधून दिलेल्या मालाच्या चिठ्ठ्या) जुळवल्या. साडेआठला बारची (धातूच्या सळ्यांची) गाडी आली, ती बघून घेतली.’ मी तिथेच थांबवलं. बघून घेतली म्हणजे? तेव्हा पुढचं बाहेर आलं. चलनावरचं वजन आणि काट्याच्या पावतीवरचं वजन जुळतंय का. पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, मागवलेला ग्रेड आणि बारच्या टोकाला लावलेला रंग एकच आहे का. बारवरचा हीट नंबर, म्हणजे तो धातू कोणत्या घाण्यात वितळवला त्याचा क्रमांक, सोबत आलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवर आहे का. ‘आणि नसेल तर?’ ‘तर माल आत घेत नाही. बाजूला लावून लाल टॅग लावतो आणि क्वालिटीला फोन करतो. ड्रायव्हर भांडतो, मालकाचंही कधी कधी ऐकून घ्यावं लागतं. पण चुकीचा ग्रेड मशीनवर गेला तर सगळी बॅच भंगारात.’

ही गोष्ट त्यांच्या दीड ओळीत कुठेच नव्हती. चाकणच्या कारखान्याला मात्र नेमका हाच माणूस हवा होता.

पुढच्या अर्ध्या तासात दोन पानं भरली. माल आला त्याच दिवशी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणं, कारण ती झाल्याशिवाय पुरवठादाराचं बिल पुढे सरकत नाही. बिन कार्ड, म्हणजे प्रत्येक खणातल्या मालाची आवक-जावक लिहायचं कार्ड. आधी आलेला माल आधी देणं. शिफ्टप्रमाणे इश्यू. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर गेलेल्या मालाचं रजिस्टर, कारण जॉबवर्कला गेलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर त्यावर कर भरण्याची वेळ येते. मार्चमधली प्रत्यक्ष मोजणी आणि फरक शोधणं.

मग मी माझा आवडता चौथा प्रश्न विचारला, तो तुम्हीही स्वतःला विचारा : तुम्ही चार दिवस रजेवर गेलात तर काय अडतं? दादा जरा विचार करून म्हणाले, ‘जॉबवर्कला कुणाकडे किती माल पडलाय ते कुणालाच सांगता येत नाही. मला फोन येतात.’ जिथे फोन येतात तिथे तुमचं खरं कौशल्य असतं. वहीत त्या ओळीभोवती चौकट करा.

रोज एकसारखं काम नसेल तर आठवडा लिहा. हिशोबाच्या कामात असाल तर महिना लिहा : दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांची ११ आणि २० तारखेची धावपळ, पगाराचे दिवस, बँकेचं स्टेटमेंट जुळवणं. शाळेत असाल तर जून ते एप्रिल असं अख्खं वर्ष डोळ्यांसमोर आणा, कारण प्रवेशाच्या दिवसांतलं काम नोव्हेंबरात आठवत नाही.

‘त्यात काय विशेष?’ असं वाटलं की थांबा

वही लिहिताना काही गोष्टी तुम्ही वगळाल. त्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की ते कौशल्य आहे असं वाटतच नाही. बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचं तेच असतं.

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर असलेल्या एक ताई आल्या होत्या. त्यांना एका मोठ्या ब्रँडच्या शोरूममध्ये फ्लोअर सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. ‘मी फक्त साड्या दाखवते हो,’ असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, ‘लग्नाचा बस्ता कोण करतं?’ ‘मीच करते. त्यात काय विशेष?’

आता बस्ता म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. एकाच वेळी आठ-दहा माणसं गादीवर. हातात मानपानाची यादी. नवरीला हवी ती पैठणी, तिच्या आईचं बजेट वेगळं, आत्याचं मत तिसरं. ताई आधी यादी मागून घेतात. किमतीचे तीन-चार गट पाडतात आणि मानपानाच्या साड्या आधी उरकतात, म्हणजे किती पैसे उरले ते स्पष्ट होतं आणि शालूला शांतपणे वेळ देता येतो. कोण निर्णय घेणार आहे ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं. दोन-तीन तासांत चाळीस-पन्नास साड्या, फॉल-पिकोची यादी वेगळी, बदलून घ्यायची तारीख बिलावर लिहिलेली.

हे शोरूमच्या भाषेत मांडलं की त्याचे चार तुकडे होतात : ग्राहकाची गरज समजून घेणं, बजेटप्रमाणे माल सुचवणं, मोठी समूह-खरेदी एकटीने पूर्ण करणं आणि विक्रीनंतरची जबाबदारी घेणं. याशिवाय पैठणी, इरकल, नारायण पेठ हातात घेऊन ओळखण्याचं ज्ञान, जे नवख्याला शिकवायला काही महिने जातात. सीझनमध्ये नव्याने लागलेल्या मुलींना घडी घालण्यापासून सगळं त्याच शिकवत होत्या. सुपरवायझरच्या जागेसाठी यापेक्षा थेट पुरावा कुठला?

तुमच्या वहीत ‘त्यात काय’ म्हणून सोडून दिलेल्या निदान तीन गोष्टी परत लिहा. त्या सापडत नसतील तर शेजारी काम करणाऱ्याला विचारा : ‘माझ्याकडे तू कशासाठी येतोस?’

पायरी प्रामाणिकपणे ठरवा

‘सीएनसी येते’ (सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन) या दोन शब्दांचा कारखान्यात काहीच अर्थ लागत नाही. पार्ट लावून सायकल सुरू करणं आणि मोजमाप घेणं ही एक पायरी. टूल बदलणं, ऑफसेट देणं, जॉब सेट करून पहिला पीस पास करून घेणं ही दुसरी. ड्रॉइंग वाचून प्रोग्राम लिहिणं ही तिसरी. ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रामर ही तीन वेगळी माणसं, त्यांचे पगारही वेगळे. म्हणून असं लिहा : ‘फॅनुक कंट्रोलवर व्हीएमसी चालवतो, ऑफसेट व टूल बदल स्वतः करतो, तयार प्रोग्राममध्ये किरकोळ बदल करता येतात.’ मोजमापाचंही तसंच. ‘मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्स’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा व्हर्निअर, ०.०१ चा मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज यांपैकी जे हातात धरलं आहे तेच लिहा.

एक्सेललाही पायऱ्या आहेत. आकडे भरता येतात. बेरीज आणि ‘इफ’ची सूत्रं येतात. व्हीलुकअप लावून दोन याद्या जुळवता येतात. पिव्हट टेबलवरून साहेबांना हवा तो अहवाल काढता येतो. भाषेलाही : समजते, बोलता येते, पत्र लिहिता येतं.

कसोटी एकच ठेवा. उद्या सकाळी कुणी नसताना त्या कामावर एकट्याला उभं केलं तर? निभेल ते ‘स्वतंत्रपणे करतो’. एखाद-दुसरी गोष्ट विचारावी लागेल ते ‘मार्गदर्शनाखाली केले आहे’. नुसतं पाहिलं आहे ते ‘परिचय आहे’. मुलाखतीला बसलेला इंजिनिअर दुसऱ्या प्रश्नातच पायरी ओळखतो, तेव्हा आपणच आधी खरी सांगितलेली बरी. खालची पायरी स्पष्ट लिहिणाऱ्या उमेदवाराच्या बाकीच्या ओळींवर माझा विश्वास वाढायचा, हे मी अनुभवाने सांगते.

आकडे कुठून आणायचे

आकड्याशिवायची ओळ तरंगत राहते. ‘पेशंटची काळजी घेते’ आणि ‘वीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन जणींनी काम केलं’ यातलं दुसरं वाक्य ऐकताच चित्र उभं राहतं. पण लोक म्हणतात, आमच्या कामात आकडेच नसतात. असतात. किती नग, किती माणसं, किती गाड्या, किती वेळात, किती रकमेपर्यंतची रोख हातात असते, किती दिवसांनी चूक निघते, आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो. रजिस्टर, शिफ्टचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, इन्सेन्टिव्ह दाखवणारी पगाराची स्लिप, जुने ईमेल यांतून ते सापडतात.

नक्की आकडा नसेल तर ‘सुमारे’ लिहा आणि तो कसा काढला हे सांगता येईल असा ठेवा. दिवसाला चाळीस बिलं, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे हजार. एवढं गणित मुलाखतीत बोटांवर करून दाखवता आलं की पुरे. ‘उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढवली’ असलं वाक्य इंटरनेटवरच्या नमुन्यातून उचलू नका. ‘तीस कसे मोजले?’ या प्रश्नापुढे मी अनेकांना गप्प झालेलं पाहिलं आहे, आणि त्यांचं खरं कामही मग झाकोळलं जातं. आकडाच नसेल तर दादांनी सांगितला तसा फरक सांगा : ‘पूर्वी स्टॉक महिन्याअखेरीस जुळवला जायचा, मी तो दर शनिवारी जुळवायला सुरुवात केली.’

एक मर्यादा पाळा. ग्राहकांची नावं, दर, ड्रॉइंगचे फोटो, रजिस्टरची पानं बाहेर आणायची नाहीत. आकडा तुमच्या कामाचा असावा, कंपनीच्या गुपिताचा नको. असा कागद मुलाखतीत दाखवलात तर समोरचा मनात म्हणतो, उद्या हा आमचेही कागद असेच दाखवेल.

जाहिरात हातात पेन घेऊन वाचा

इथवर तुमची वही तुमच्या भाषेत आहे. जाहिरात कंपनीच्या भाषेत असते. दोन्हींची गाठ घालायची.

जाहिरातीची प्रिंट काढा किंवा ती हाताने उतरवून घ्या. त्यातली क्रियापदं आणि साधनांची नावं अधोरेखित करा. मग प्रत्येकाच्या समोर वहीतली ओळ शोधा. ‘इन्व्हेंटरी रिकन्सिलिएशन’ म्हणजे दादांची शनिवारची जुळवणी. ‘मटेरियल ट्रेसेबिलिटी’ म्हणजे त्यांचा हीट नंबर. ‘व्हेंडर कोऑर्डिनेशन’ म्हणजे प्लेटिंगवाल्याला केलेले फोन. अकरा वर्षं केलेल्या कामाचं नाव त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते जाहिरातीकडे बघतच राहिले.

काही शब्द नेहमी लागतात म्हणून देते. जुळवणं म्हणजे रिकन्साइल. तपासणं म्हणजे इन्स्पेक्ट किंवा व्हेरिफाय. पाठपुरावा म्हणजे फॉलो-अप. कामं वाटून देणं म्हणजे अलोकेट. नवख्याला तयार करणं म्हणजे ट्रेन. घासाघीस करून दर ठरवणं म्हणजे निगोशिएट. नोंदी ठेवणं म्हणजे मेंटेन रेकॉर्ड्स. दुकानात कीर्द-खतावणी लिहिणारे लोक ‘हिशोब’ एवढंच लिहितात. त्यांनी डे बुक, लेजर, बँक रिकन्सिलिएशन आणि टॅली ही नावं वेगवेगळी लिहावीत, अर्थात ती कामं केली असतील तरच.

आपल्या कामाला बाजारात काय म्हणतात हेच माहीत नसेल, तर केंद्र सरकारचं ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ उपयोगी पडतं. त्यात साडेतीन हजारांहून जास्त व्यवसायांची वर्णनं आहेत. आपला व्यवसाय शोधायचा, वर्णन वाचायचं आणि जे खरोखर करतो त्यावर खूण करायची. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करतानाही या नावांची मदत होते.

जाहिरातीतल्या दहा मागण्यांपैकी सहा-सात तुमच्याकडे असतील तर अर्ज करा. दहाच्या दहा असल्याशिवाय पाऊल न उचलणाऱ्यांत मी बायकाच जास्त पाहिल्या, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ओळ अशी बांधा

साचा सोपा आहे : काय केलं, कशावर किंवा कशाने केलं, किती केलं, त्यातून काय झालं. चारही दर वेळी लागत नाहीत, पण पहिले दोन हवेतच.

दादांची ओळ अशी झाली : ‘दररोज १५ ते २० आवक गाड्यांचे वजन, ग्रेड व हीट नंबर पीओशी पडताळून त्याच दिवशी जीआरएन केली, तफावत असलेला माल वेगळा काढून क्वालिटी विभागाला कळवला.’ आणि दुसरी : ‘सहा जॉबवर्क पुरवठादारांकडील मालाचे रजिस्टर व परतीच्या तारखा सांभाळल्या.’

ताईंची : ‘लग्नसराईत ४० ते ५० साड्यांची समूह-खरेदी एकटीने पूर्ण केली, दर सीझनला नव्या विक्रेत्यांना प्रशिक्षण दिले.’

शेवटचं क्रियापद ‘केले जायचे’ असं नको. कुणी केलं तेच कळत नाही. ‘आम्ही’ हा शब्दही इथे अडचणीचा. बोलताना तो गोड लागतो, पण कागदावर तुमचा वाटा पुसून टाकतो. टीमचं काम असेल तर ‘पाच जणांच्या टीममध्ये माझ्याकडे पॅकिंग आणि डिस्पॅच होतं’ असं वेगळं काढून सांगा.

खासगी कंपन्यांचे बहुतेक अर्ज इंग्रजीत जातात. तरी आधी मराठीत लिहा, मग छोट्या सोप्या वाक्यांत इंग्रजी करून घ्या. दुसऱ्याकडून करून घेतलंत तर एक अट पाळा : त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला उच्चारता आणि समजावता आला पाहिजे. नाही आला तर तो शब्द काढा.

प्रामाणिक, मेहनती, टीममध्ये काम करणारा

ही विशेषणं खोडा. शंभरातल्या नव्वद कागदांवर तीच असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही. त्याऐवजी ज्या प्रसंगातून ते गुण दिसतात असे तीन प्रसंग वहीत तयार ठेवा. प्रसंग चार भागांत लिहा : काय झालं होतं, माझ्यावर काय आलं, मी काय केलं, शेवटी काय झालं. मुलाखतीत दीड-दोन मिनिटांत सांगून व्हायला हवा.

दादांचा प्रसंग असा. मार्चच्या मोजणीत एका बुशचे (नळीसारख्या छोट्या सुट्या भागाचे) तीनशे नग कमी भरले. चोरीचा संशय रात्रपाळीवर गेला. दादांनी महिन्याभराच्या इश्यू स्लिपा काढल्या, त्या बिन कार्डाशी ताडल्या, तेव्हा एकसारखा दिसणारा दुसरा बुश चुकीच्या कोडने दिला गेल्याचं निघालं. त्याचे तीनशे नग जास्त होते. त्यांनी दोन्ही बिन लांब ठेवले आणि वेगळे रंग लावले. ‘प्रामाणिक’ आणि ‘मेहनती’ हे शब्द न उच्चारता दोन्ही गोष्टी समोरच्यापर्यंत पोचतात. शिवाय रात्रपाळीच्या मुलांवरचा आळ गेला, हे सांगताना दादांचा आवाज बदलला होता. तो भाग मुलाखतीत जरूर सांगा असं मी त्यांना म्हटलं.

प्रसंग मोठ्याने सांगून सराव करा. आरशापेक्षा माणसासमोर करा, बायको, भाऊ, मित्र, कुणीही. ऐकणाऱ्याला कुठे कळलं नाही तिथे तुम्ही परत ‘बघितलं’ म्हणाला असाल.

नोकरीचा अनुभव नाही किंवा मध्ये खंड पडला आहे

पुण्यात हा प्रश्न घेऊन येणारे दोन मोठे गट आहेत.

पहिला, स्पर्धा परीक्षा करणारी मुलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत चार-पाच वर्षं काढल्यावर वय अठ्ठावीस, हातात पदवी आणि कागदावर मोठी मोकळी जागा. ती जागा लपवू नका. ‘२०१९ ते २०२३ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ असं सरळ लिहा. पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला असाल किंवा मुख्य परीक्षा दिली असेल तर तेही लिहा. मग वही काढा आणि तेच प्रश्न विचारा. शासन निर्णय वाचून त्याचा अर्धा पानात सारांश काढता येतो का? आर्थिक पाहणी अहवालातले तक्ते वाचता येतात का? ज्युनिअर मुलांना एखादा विषय शिकवला का, किती जणांना? अभ्यासिकेची फी, जागांची यादी, मेसचा हिशोब कुणाकडे होता? शिकवणी, प्रकाशन, सामाजिक संस्था, सर्वेक्षण, बँकेचं फील्डवर्क या जागांसाठी यातलं बरंच थेट चालतं. या मुलांशी बोलताना मला नेहमी जाणवतं की निकालाने त्यांना आपल्याला काहीच येत नाही असं पटवून दिलेलं असतं. ते खरं नाही.

दुसरा गट, घर-मुलं सांभाळून परत कामाला लागू पाहणाऱ्या बायकांचा. त्यांना मी बचत गटापासून सुरुवात करायला सांगते. गटाच्या पाच सूत्रांत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नोंदी ठेवणं येतं. तुम्ही सचिव किंवा कोषाध्यक्ष असाल तर इतिवृत्त लिहिलं, बँकेत व्यवहार केले, हप्ते वसूल केले आणि थकलेल्या मैत्रिणीशी कटुता न येऊ देता बोललात. ‘बारा सभासदांच्या गटाचे चार वर्षे हिशोब व बँक व्यवहार सांभाळले’ ही ओळ कार्यालयीन कामासाठी खणखणीत आहे. सोबत एमएस-सीआयटी किंवा सरकारी संगणक टायपिंगचं प्रमाणपत्र असेल तर शब्दांच्या वेगासह लिहा : मराठी ३०, इंग्रजी ४०.

मुलांनी गणेश मंडळाचं काम विसरू नये. पोलिस आणि महापालिकेच्या परवानग्या, वर्गणीची पावती-पुस्तकं, मांडववाल्याशी दर ठरवणं, दहा दिवस रात्रीच्या पाळ्या लावणं आणि शेवटी हिशोब. ‘मंडळाचा कार्यकर्ता’ एवढंच लिहू नका, तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते लिहा.

कागद आणि तारखा

आयटीआय केलं असेल तर ट्रेड, वर्ष आणि राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र; अ‍ॅप्रेंटिसशिप केली असेल तर तिचं वेगळं प्रमाणपत्र. काम हाताला आहे पण कागद नाही, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. जवळच्या केंद्रात चौकशी करा.

तारखा अचूक लिहा. पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) खात्यात प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि कंपन्या पडताळणीत ती बघतात. दोन महिन्यांचा खंड झाकायला तारीख पुढे-मागे केली आणि त्यावरून झालेली निवड गेली, असं माझ्यासमोर घडलं आहे. त्या मुलाचं काम उत्तम होतं, खंडाचं कारणही साधं होतं, वडिलांचं आजारपण.

जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, आधार आणि पॅनचा क्रमांक बायोडेटातून काढा. हे क्रमांक निवड झाल्यावर कंपनीला द्यायचे असतात. गावभर फिरणाऱ्या कागदावर ते नसावेत. ऑनलाइन अर्जात मजकूर आधी संगणक वाचतो, म्हणून चौकटी, रंगीत पट्ट्या आणि चित्रं नकोत, साधी एका रकान्यातली पीडीएफ पुरे. फाइलला ‘न्यू बायोडेटा फायनल टू’ ऐवजी तुमचं नाव आणि पद द्या. पाच-सहा वर्षांच्या अनुभवाला एक पान, त्याहून जास्त असेल तर दोन.

पाठवण्याआधी कागद अशा एकाला वाचायला द्या जो तुमच्या शेजारच्या मशीनवर, काउंटरवर किंवा टेबलावर बसतो. त्याने ‘हे तू कधी केलंस?’ असं विचारलं तर ती ओळ सौम्य करा. ‘अरे, ते अमुक लिहिलंच नाहीस’ म्हणाला तर लगेच लिहून घ्या.

आणि वही टाकू नका. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की त्या रात्री दहा मिनिटं काढून महिन्यात नवीन काय केलं ते लिहायचं, तारीख घालून. दादांच्या वहीतली परवाची नोंद अशी आहे : ‘५ तारीख. नवीन मुलाला हीट नंबर वाचायला शिकवलं. आज त्याने एकट्याने गाडी थांबवली.’